माजी सैनिकांची अपंगत्व पेन्शन आणि मागील थकबाकीचा हक्क

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या माजी सैनिक व सैनिक-पत्नी मेळाव्यात एका निवृत्त हवालदारांनी केलेले भाषण.)



मी वक्ता नाही. पलटणीत सतरा वर्षे काढली, त्यात बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय लागली आणि पुढे ऐकणेही कमी झाले. म्हणून सुरुवातीलाच विनंती करतो की, भाषण संपल्यावर कोणाला प्रश्न विचारायचा असेल त्यांनी माझ्या उजव्या बाजूला येऊन विचारावा. डाव्या कानाने मला जवळजवळ ऐकू येत नाही. हा कान कसा गेला आणि त्याचा मोबदला मागायला मला पंचवीस वर्षे का लागली, हेच आज सांगण्यासाठी मी उभा आहे. मंडळाने मला 'माजी सैनिकांच्या समस्या' असा विषय दिला होता. समस्या पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील एकच विषय मी घेतो. तो म्हणजे अपंगत्व पेन्शन, ज्याला आपण सगळे डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतो, ती आणि तिची मागची थकबाकी.

माझी हकीकत

मी १९७४ साली भरती झालो. मॉर्टर प्लाटूनमध्ये होतो. मॉर्टर म्हणजे काय हे माहीत असणारे पुष्कळजण इथे आहेत. नळीत बॉम्ब सोडायचा, मान खाली घालायची. त्या काळात कानात कापसाचा बोळा घातला तर घातला. वर्षानुवर्षे फायरिंग झाल्यावर १९८६ च्या सुमारास डावा कान गुणगुणू लागला, मग बंद पडत गेला. मिलिटरी हॉस्पिटलात तपासणी झाली आणि माझी मेडिकल कॅटेगरी खाली आली. १९९१ साली खालच्या कॅटेगरीतच मी घरी आलो. जाताना मेडिकल बोर्ड झाला. बोर्डाने अपंगत्व तीस टक्के आणि तेही कायमचे धरले. परंतु त्याच कागदावर पुढे लिहिले की, हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही.

काही महिन्यांनी घरी एक इंग्रजी पत्र आले. मला सतरा वर्षांच्या नोकरीची साधी सर्व्हिस पेन्शन सुरू झालीच होती. पत्राचा अर्थ गावातल्या मास्तरांनी सांगितला, "दावा नामंजूर आहे, सहा महिन्यांत अपील करता येईल." मी ते पत्र ट्रंकेत ठेवून दिले. मनात विचार केला की, सरकारने पेन्शन दिली आहे, दोन घास मिळत आहेत, आणखी काय मागायचे? मागणारा माणूस हावरा दिसतो. शिवाय साहेबांनी लिहिले आहे म्हणजे ते बरोबरच असणार.

बंधू-भगिनींनो, त्या एका विचाराची किंमत मी मोजली आहे. पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. माझी थोरली मुलगी १९९६ साली बारावी पास झाली. तिला डी.एड. करायचे होते. शिक्षिका होण्याची तिची फार इच्छा होती. धाकटी दोन शिकत होती, घरात आजारपण होते. मी तिला सांगितले, "बाई, जमणार नाही." पुढच्या वर्षी तिचे लग्न लावून दिले. ट्रंकेतल्या त्या पत्रामागे जे पैसे अडकले होते, ते दरमहा आले असते तर कदाचित माझे उत्तर वेगळे असते.

२०१५ साली एका जुन्या सहकाऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे शेजारच्या तालुक्यातील एक निवृत्त सुभेदार, जे पलटणीत क्लार्क होते, माझ्या डाव्या बाजूला बसून काही बोलत होते आणि मला ऐकू येत नव्हते. त्यांनी विचारले, "हवालदारसाहेब, कानाची पेन्शन घेता ना?" मी म्हणालो, "ती नामंजूर झाली." त्यांनी विचारले, "अपील केले का?" मी म्हणालो, "नाही." त्यावर ते एवढेच म्हणाले, "मग नामंजूर त्यांनी केली नाही, तुम्ही केलीत." हे वाक्य मला उजव्या कानाने स्पष्ट ऐकू आले.

कायदा काय सांगतो

त्यानंतर मी या विषयाचे कागद गोळा करू लागलो. जे समजले ते साध्या भाषेत सांगतो.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका की पेन्शन ही मेहेरबानी आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा यांच्या खटल्यात निर्णय दिला की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नसून ती केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. नकारा हे संरक्षण खात्याच्या वित्त विभागातील निवृत्त अधिकारी होते. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

आता अपंगत्व पेन्शन. १९६१ च्या सेना पेन्शन नियमांत हिच्यासाठी दोन कसोट्या आहेत. पहिली, अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले असावे किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. दुसरी, ते वीस टक्के किंवा त्याहून अधिक असावे. या पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. ज्याची पंधरा वर्षे भरली त्याला सेवेचा भाग मिळतच असतो, त्याचा अपंगत्वाचा भाग तेवढा राहून जातो. परंतु जो जवान पाच-सात वर्षांतच बोर्ड आऊट झाला, त्याचे दोन्ही भाग जातात आणि तो रिकाम्या हाताने घरी येतो. खरा अन्याय या दुसऱ्या प्रकारच्या जवानावर झालेला आहे.

सेवेमुळे आले की नाही, हे ठरवण्यासाठी १९८२ चे पात्रता नियम आहेत. माझ्या पिढीच्या बहुतेक प्रकरणांना तेच लागतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, परंतु ते त्या तारखेपासून पुढे सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. त्या मुलांनी ते स्वतंत्र पाहावेत. १९८२ च्या नियमांतील तीन गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झाली नाही, ती व्याधी त्या वेळी नव्हती असे धरायचे, आणि पुढे वैद्यकीय कारणाने माणूस घरी आला तर त्याची प्रकृती सेवेमुळे बिघडली असे मानायचे. पुरावा देण्याची जबाबदारी जवानावर नाही, आणि शंका असेल तर शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. तिसरी गोष्ट अशी की, ज्या कॅटेगरीत भरती झाला त्यापेक्षा खालच्या कॅटेगरीत जो सेवामुक्त झाला, तो वैद्यकीय कारणानेच सेवेतून गेला असे समजायचे.

ही गोष्ट केवळ पुस्तकात राहिली नाही. धरमवीर सिंह नावाचे जवान १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. १९९४ साली फिट्सच्या आजाराने वीस टक्के अपंगत्व धरून त्यांना घरी पाठवले गेले. बोर्ड म्हणाला, आजार प्रकृतीतच होता, सेवेचा संबंध नाही. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पेन्शन दिली. न्यायालयाने पाहिले ते एवढेच की, भरतीच्या वेळी या आजाराची नोंद होती काय? नव्हती. बोर्डाने आजार सेवेमुळे नाही असे म्हणताना त्याची कारणे दिली होती काय? दिली नव्हती. म्हणजे ज्या नियमांवर जवान जिंकला ते नियम १९८२ पासून होतेच. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, सुखविंदर सिंह यांच्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. ज्याला अपंगत्वामुळे सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच होते असे धरले पाहिजे. चौदा किंवा एकोणीस टक्के लिहून ज्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवले, त्यांच्यासाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

आता टक्केवारीचा हिशेब. पाचव्या वेतन आयोगानंतर ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने १ जानेवारी १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची सोय झाली. पन्नासच्या आत असेल तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्याच्या वर असेल तर शंभर टक्के धरायचे. आधी ही सोय बोर्ड आऊट झालेल्यांनाच होती. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. आजच्या पद्धतीत शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के एवढा अपंगत्वाचा भाग असतो. समजा, वेतन चाळीस हजार आहे. तर शंभर टक्क्यांचे बारा हजार झाले. तीस टक्के अपंगत्वाचे तीन हजार सहाशे होतात. तेच पन्नास टक्के धरले तर सहा हजार होतात. महिन्याला दोन हजार चारशेचा फरक केवळ एका ओळीने पडतो. त्यावर महागाई भत्ता वेगळा. ज्यांना अपंगत्व पेन्शन चालू आहे त्यांनीही आज घरी जाऊन आपला पी.पी.ओ. काढून टक्केवारीची ती ओळ वाचावी.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक दावा जिंकला जात नाही आणि जिंकला जाऊही नये. वार्षिक रजेवर गावी असताना खाजगी कामासाठी स्कूटरवर गेलो आणि अपघात झाला, तर त्याचा सेवेशी संबंध नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जुझार सिंह यांच्या प्रकरणात दिलेला आहे. पलटणीतून रजेवर जाता-येतानाच्या प्रवासाचा विचार निराळा होतो. म्हणून जे घडले तेच लिहावे. खोटा कागद जोडला तर तो पकडला जातो आणि मागून येणाऱ्या खऱ्या जवानाकडेही मग संशयाने पाहिले जाते.

थकबाकीची गोष्ट

आता ज्या मुद्द्यासाठी मी उभा राहिलो त्याकडे येतो. पुष्कळजण म्हणतात, "वीस वर्षे झाली, आता काय मिळणार?" काहीजण उलट म्हणतात, "हक्क आहे ना, मग मागू सावकाश. सरकार मागचे सगळे देईल." हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि या दोन्ही समजांनी आपले नुकसान केले आहे.

तरसेम सिंह हे जवान १९८३ साली वैद्यकीय कारणाने सेवेतून घरी आले. त्यांनी न्यायालयात अर्ज केला तो १९९९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पेन्शन दिली, परंतु थकबाकी अर्जाच्या आधीच्या अडतीस महिन्यांचीच दिली. पुढे खंडपीठाने ती पहिल्या दिवसापासून द्या असे सांगितले. तेव्हा केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट २००८ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, पेन्शन न देणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे. त्यामुळे उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क बुडत नाही. परंतु मागची थकबाकी मात्र सर्वसाधारणपणे अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. हक्काचे झाड वाळत नाही, पण त्याची फळे फक्त शेवटच्या तीन हंगामांची मिळतात. आधीची गळून गेली ती गेली. आज अर्ज दिला तर तीन वर्षे मागे जाता येईल. पुढच्या वर्षी दिला तरी तीनच वर्षे मागे जाता येईल, म्हणजे एक वर्ष कायमचे गेले. अर्ज न देता बसलेला प्रत्येक महिना आपण स्वतःच्या हाताने सोडून देत असतो.

माझ्याच हिशेबाने सांगतो. मी १९९१ साली घरी आलो. सैन्यदल न्यायाधिकरणात अर्ज केला २०१६ साली. २०१८ साली माझ्या बाजूने निकाल झाला. तीस टक्के पन्नास धरले गेले आणि थकबाकी मिळाली ती २०१३ पासूनची. मधली बावीस वर्षे गेली. ती न्यायालयाने घेतली नाहीत. नामंजुरीचे कारणही न देणाऱ्या कार्यालयाचा दोष होताच, तो मी झाकत नाही. पण अपिलाचे सहा महिने माझ्या हातात होते आणि मी पत्र ट्रंकेत ठेवले.

मी जिंकलो कशावर, तेही ऐका. माहितीच्या अधिकारात मागवलेल्या कागदांत माझ्या भरतीच्या वेळच्या तपासणीचा फॉर्म आला. त्यात दोन्ही कानांपुढे एकच शब्द होता, 'नॉर्मल'. १९७४ साली ज्या डॉक्टरांनी तो शब्द लिहिला त्यांना मी कधी पुन्हा पाहिले नाही, पण माझा सर्वांत मोठा साक्षीदार तोच शब्द ठरला. आणि तो माहितीचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहिला होता माझ्या थोरल्या मुलीने. तिला मी शिक्षिका होऊ दिले नाही. ती आज अंगणवाडीत आहे आणि इतर माजी सैनिकांचेही अर्ज लिहून देते.

एका वहिनींचे प्रकरण

माझे प्रकरण त्या मानाने सोपे होते, कारण मी जिवंत होतो आणि कागद मिळाले. आता एका वहिनींची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्यांचे यजमान १९७९ साली भरती झाले. डोंगरावरच्या पोस्टिंगमध्ये असताना डोक्यावर परिणाम झाला. १९८६ साली बोर्ड आऊट झाले. सात वर्षांची नोकरी, पेन्शन नाही. गावात लोक म्हणाले, बाहेरचे झाले. देवऋषी झाले, उतारे झाले. त्या माणसाला आजार आहे आणि तो नोकरीत लागला आहे, हे कोणी म्हणाले नाही. २००३ साली ते वारले. वहिनींनी दुसऱ्याच्या शेतात राबून दोन मुले वाढवली.

२०१९ साली त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याकडं एवढंच हाय." लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक होते. कडा वाळवीने खाल्लेल्या. ते त्यांनी का जपले, तर त्यात यजमानांचा हात लागलेला कागद म्हणून. आम्ही माहिती मागवली. उत्तर आले की, पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रे नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात, त्यामुळे मेडिकल बोर्डाचे कागद उपलब्ध नाहीत. फक्त लाँग रोलमधील नोंद मिळाली. भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि कारण, वैद्यकीय दृष्ट्या अपात्र. लाँग रोल मात्र कायम ठेवतात, हे लक्षात असू द्या.

वीस वर्षे आधी त्या आल्या असत्या तर बोर्डाचा पूर्ण कागद हातात असता. आज त्यांच्या बाजूला आहे ते डिस्चार्ज बुक, लाँग रोलची एक ओळ आणि मघाशी सांगितलेला सुखविंदर सिंह यांचा निकाल. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून त्याच्या निकालाबद्दल मी भाकीत करत नाही. परंतु माता-भगिनींना एवढेच सांगतो. यजमान गेले म्हणून त्यांचा दावा संपत नाही. त्यांच्या हयातीत जे देणे होते, त्याची हयातीची थकबाकी वारस मागू शकतात, आणि त्यांची पेन्शन मंजूर झाली तर पुढे कुटुंब पेन्शनचा मार्ग मोकळा होतो. घरातला जुना कागद, तो कितीही फाटका असला, तरी चुलीत किंवा रद्दीत घालू नका.

काय करावे

आता करण्याच्या गोष्टी क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

एक. डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., नामंजुरीचे पत्र, हॉस्पिटलचे जुने कागद आणि बँकेचे पासबुक एका ठिकाणी ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद कोणालाही देऊ नका.

दोन. आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डरने चालते. आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख लिहा. मागायचे काय? भरतीच्या वेळच्या तपासणीचा फॉर्म, मेडिकल बोर्डाचे संपूर्ण कागद आणि नामंजुरीचा आदेश. 'माझी सर्व माहिती द्या' असे मोघम लिहू नका.

तीन. कागद आले की अपील करा. अपिलाच्या दोन पायऱ्या आहेत. मुदत टळली असेल तर उशिराचे खरे कारण लिहा. इंग्रजी कळत नव्हते, आजारी होतो, कोणी सांगितले नाही, जे असेल ते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामी मार्गदर्शन मिळते. अर्ज पोचल्याची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असे समजा, कारण तीन वर्षे कोठून मोजायची हे तारखेवर ठरते.

चार. तेथे न्याय मिळाला नाही तर सैन्यदल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ पासून काम करू लागले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, परंतु उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

पाच. वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात समावेश झाला, त्यामुळे ज्यांच्याकडे तो दाखला आहे त्यांना आणि प्रत्येक विधवा भगिनीला ही सोय आहे. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते.

सहा. दलालांपासून सावध राहा. थकबाकीतील अमुक टक्के मागणारा, कोऱ्या चेकवर सही मागणारा किंवा 'स्पर्श' प्रणालीचा पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला आकडा विचारणारा माणूस आपला नव्हे, मग तो कितीही गोड बोलो.

अर्ज हे आपले जुने हत्यार आहे

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्यापैकी काहींना अजूनही वाटते की अर्ज करणे, मागणे, भांडणे हे शिस्तीच्या माणसाला शोभत नाही. मला ते बरोबर वाटत नाही. आपल्या समाजाच्या जागृतीची सुरुवातच पलटणीतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांनी केली. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते आणि दापोलीस राहून त्यांनी लेखणी उचलली. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीसच होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज गेले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्या लोकांनी एक अर्ज फेटाळला म्हणून दुसरा लिहिणे सोडले नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते तसे पन्नास वर्षांचे हे अर्जही होते. त्यांची भाषा नम्र होती, पण मागणी ठाम होती. आपला अर्जही तसाच असावा.

आपण देशासाठी कान दिला, डोळा दिला, पाय दिला, कोणी मन गमावले. त्याचा हिशेब मागणे ही भीक नाही. ज्याने पहारा देताना डोळा लागू दिला नाही, त्याने स्वतःच्या हक्काच्या बाबतीत पंचवीस वर्षे झोपावे, हे बरोबर नाही. मी झोपलो होतो, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

मंडळाने सभागृहाच्या मागच्या बाजूला एक टेबल मांडले आहे. तेथे कोरे कागद आहेत, पोस्टल ऑर्डरी आहेत आणि अर्ज लिहून देण्यासाठी माझी थोरली मुलगी बसली आहे. ज्यांनी डिस्चार्ज बुक बरोबर आणले आहे त्यांनी जेवणाआधी तिच्याकडे जावे. ज्यांनी आणले नाही त्यांनी पुढच्या रविवारी यावे. परंतु त्याच्यापुढचा रविवार करू नये.



जयभीम! जय भारत!